स्टॅम्प पेपरवर सही घेतली म्हणून कामगाराचा हक्क संपत नाही

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

"माझा पत्र्याचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. पॉवर प्रेसवर काम चालतं. कामगार सात, त्यांतले दोन ठेकेदाराचे. सणांच्या आधी ऑर्डर वाढली की आणखी दोघं-तिघं लावावे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ठेकेदाराच्या एका कामगाराच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली. वय ३० पूर्ण, पगार महिना १६,०००. मी स्वतः त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, ८५,००० रुपयांचं बिल भरलं. नंतर ठेकेदारासमोर ६०,००० रोख दिले आणि 'यापुढे माझी कसलीही मागणी राहणार नाही' असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊन नोटरी केलं. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे, मागणी १२ लाखांची. ठेकेदार फोन उचलत नाही. विमा आहे, पण एजंट म्हणतो ठेकेदाराची माणसं पॉलिसीत नाहीत. खरं तर चूक त्याचीच. मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षण) त्यानेच काढून ठेवला होता. गार्ड लावला की माल कमी निघतो, म्हणून सगळेच काढतात. घरच्यासारखं वागवलं, त्याचं हे फळ का? दुसरा एक कामगार पाळीला येताना दुचाकीवरून पडला, पाय मोडून घरी आहे. त्याचंही मीच द्यायचं? बोटं गेलेल्या त्या पोराला भेटायला जावंसं वाटतं, पण माझे वकील नको म्हणतात. काय करू?"

उत्तर :

नमस्कार.

अपघात झाल्यावर तुम्ही पळून गेला नाहीत. स्वतः गाडी काढलीत, बिल भरलंत. हे सगळे मालक करत नाहीत, म्हणून याची नोंद आधी घेतो. पण पुढचं जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं तुम्हाला आवडणार नाही. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण दर महिन्याच्या उशिराने तुमचंच नुकसान वाढतं आहे.

आधी कोणता कायदा लागू होतो ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा कायदा, दोन्ही आपल्या पोटात घेतले. "जुना कायदाच रद्द झाला, आता कसला दावा" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते मनातून काढा. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी तयार होतो. तुमच्याकडचा अपघात ऑगस्टमधला आहे, म्हणून त्याचा हिशेब जुन्या कायद्याने होईल. कायदा नंतर रद्द झाला तरी आधी तयार झालेला हक्क बुडत नाही. २१ नोव्हेंबरला किंवा त्यानंतर झालेल्या अपघातांना मात्र संहिता लागेल.

आता तो स्टॅम्प पेपर. तुम्ही तो कपाटात जपून ठेवला असेल. त्याची कायदेशीर किंमत तुम्हाला वाटते तेवढी नाही. १९२३ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा किंवा तो कमी केल्याचा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल समजायचा. नोटरीचा शिक्का असो, दोन साक्षीदार असोत, त्याने काही बदलत नाही. असं कलम का ठेवलं असेल, ते त्या दिवशीच्या तुमच्याच खोलीत पाहा. हाताला पट्टी बांधलेला, महिनाभर पगार नसलेला माणूस समोर ६०,००० रोख पाहतो तेव्हा तो कशावरही सही करतो. त्याला राजीखुशी म्हणता येत नाही.

रकमेवर तडजोड करायला कायदा बंदी करत नाही, पण तिची वाट ठरवून दिलेली आहे. कलम २८ प्रमाणे तडजोडीचं ज्ञापन (अटी लिहिलेला कागद) नुकसानभरपाई आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवून त्याची नोंद करायची. रक्कम अपुरी आहे किंवा दबाव, फसवणूक झाली आहे असं आयुक्तांना वाटलं तर ते नोंद नाकारू शकतात. तुम्ही ही नोंद केली नाही, आणि त्याचा परिणाम कलम २९ मध्ये स्पष्ट लिहिला आहे. मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते, आणि आधी भरपाई म्हणून जे दिलं त्यातलं, आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर, निम्म्याहून जास्त वजा करता येत नाही. म्हणजे तुमच्या ६०,००० पैकी ३०,००० वजा होतील एवढंच गृहीत धरा. दवाखान्याचे ८५,००० तर भरपाईत धरलेच जात नाहीत. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणं ही मालकाची वेगळी जबाबदारी आहे, कलम ४ (२ अ) मध्ये. तुम्ही ती पार पाडलीत, चांगलं केलंत.

"चूक त्याचीच होती" याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. तुमचे वकीलही बहुधा यावरच भर देत असतील.

हा कायदा चुकीच्या हिशेबावर उभाच नाही. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला का, एवढाच त्याचा मूळ प्रश्न आहे. कामगाराचं लक्ष नव्हतं, घाई केली, हात चुकला, या गोष्टी भरपाई अडवत नाहीत. दिवसभर तीच हालचाल करणाऱ्या माणसाचा हात कधीतरी चुकणारच, हे धरूनच कायदा केला आहे. काही अपवाद आहेत. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली असणं, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेचं साधन आहे हे माहीत असून ते मुद्दाम काढणं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे अपवादही मालकाच्या कामी येत नाहीत. तुमच्याकडच्या कामगाराचं अपंगत्व अंशतः धरलं, तर गार्ड काढल्याचा मुद्दा कागदावर तुम्हाला घेता येतो.

पण तुम्ही पत्रातच लिहिलं आहे, "गार्ड लावला की माल कमी निघतो, म्हणून सगळेच काढतात." हे वाक्य उलटतपासणीत तुमच्या किंवा तुमच्या सुपरवायझरच्या तोंडून आलं की तो बचाव तिथेच संपला. जो गार्ड महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून असतो, ज्याच्याशिवाय मशीन चालताना मालक रोज पाहतो आणि संध्याकाळी मालाचे नग मोजतो, तो गार्ड कामगाराने "मुद्दाम काढला" असं कुठलं न्यायालय मानेल? पुराव्याचा भार तुमच्यावर आहे. गार्ड बसवलेला होता, तो कामगाराला माहीत होता, तो न काढण्याची सक्त ताकीद होती आणि ती तुम्ही खरोखर पाळून घेत होता, हे सगळं तुम्हाला सिद्ध करावं लागेल. हा बचाव घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तो टिकणार नाही. शिवाय त्यासाठी तुमच्या बाकीच्या कामगारांना साक्षीला उभं करून खोटं बोलायला लावावं लागेल, आणि उद्या त्याच प्रेसवर तेच हात घालणार आहेत. त्यांच्यापैकी एकालाही तुम्ही त्या पेचात टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ठेकेदार फोन उचलत नाही, तर त्याच्या मागे वेळ घालवू नका. कलम १२ प्रमाणे, तुमच्या धंद्याचाच भाग असलेलं काम ठेकेदाराच्या माणसाकडून करून घेतलं तर तो तुमचा स्वतःचा कामगार असता तेवढीच भरपाई तुम्ही द्यायची. नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी त्याच्याशी झालेला करार, त्याची बिलं, बँकेतले व्यवहार एकत्र करा आणि त्याला लेखी नोटीस पाठवा. पण "आधी ठेकेदाराकडून घे" असं कामगाराला म्हणता येत नाही.

पुढे जाण्याआधी एक काम आजच करा. हजेरीपट काढा आणि अपघाताच्या आधीच्या बारा महिन्यांत एका दिवशी जास्तीत जास्त किती माणसं कामावर होती ते मोजा. ठेकेदाराची माणसंही त्यात धरा. तुम्ही लिहिता सात, आणि सणाआधी दोन-तीन जास्त. सात आणि तीन दहा होतात. वर्षातून एक दिवस जरी दहाचा आकडा गाठला असेल, तर ईएसआय लागू असलेल्या भागात तुमचा कारखाना त्या कायद्याखाली येतो, आणि एकदा आला की पुढे माणसं कमी झाली तरी बाहेर पडत नाही. पगाराची मर्यादा २१,००० आहे, म्हणजे हा कामगार त्यात बसतो.

तसं असेल तर सगळं चित्र बदलतं. मग भरपाई आयुक्तांकडे दावा चालत नाही, ईएसआय कायद्याचं कलम ५३ तो अडवतं. कामगाराला ईएसआय महामंडळाकडून लाभ मिळतात : उपचार, बरा होईपर्यंत सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के, आणि वैद्यकीय मंडळ ठरवील त्या प्रमाणात कायमच्या अपंगत्वाची आयुष्यभर दरमहा रक्कम. कामावरच्या दुखापतीसाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. मालकाने नोंदणीच केली नव्हती म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळ त्याला देतं आणि मालकाकडून वसूल करतं. तुम्हाला थकलेली वर्गणी आणि व्याज भरावं लागेल, शिवाय कामगाराला दिलेल्या लाभापोटी त्याच कायद्याच्या कलम ६८ खालची वसुली. तरीही आकडा दहा निघाला तर स्वतः जाऊन नोंदणी करा आणि अपघाताची माहिती द्या. हजेरीपटात खाडाखोड करायचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. भरपाईचं प्रकरण मग फौजदारी प्रकरण होईल, आणि त्या पोराला आयुष्यभर मिळणारी दरमहा रक्कम तुमच्या एका खोट्या आकड्याने अडेल.

आता समजा आकडा नऊच्या वर गेला नाही. मग १९२३ च्या कायद्याचा हिशेब असा होतो.

प्रत्यक्ष पगार १६,००० असला तरी या कायद्याखाली जास्तीत जास्त १५,००० धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची आहे, त्याआधी ८,००० होती. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ९,०००, गुणिले वयाचा गुणक (कायद्यात प्रत्येक वयासाठी दिलेला आकडा). पूर्ण ३० वर्षांना तो २०७.९८ आहे. गुणाकार येतो १८,७१,८२० रुपये. हे १०० टक्के अपंगत्वाचं. एका हाताची तीन बोटं गेली तर पहिल्या अनुसूचीत कमाईच्या क्षमतेचं नुकसान ३० टक्के दिलं आहे. १८,७१,८२० चे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये.

ही कमीत कमी बाजू. कामगाराचा वकील ३० टक्क्यांवर थांबलेला नाही. १२ लाख म्हणजे साधारण ६४ टक्के नुकसान तो मागतो आहे. ही मागणी हवेतली आहे असं समजू नका. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचं नुकसान अनुसूचीतल्या टक्क्यांवर न ठेवता १०० टक्के मानलं. शरीराचा किती भाग गेला यापेक्षा तो माणूस आपलं काम करून किती कमावू शकतो, ही कसोटी तेव्हापासून पक्की आहे. प्रेसवर काम करणाऱ्या, उजव्या हाताच्या माणसाची उजव्या हाताची तीन बोटं. यावर त्याच्या डॉक्टरांची साक्ष काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा. ३० आणि ६४ यांच्यामध्ये कुठे थांबायचं हा तुमच्यातला खरा वाद आहे. तो वैद्यकीय पुराव्यावर लढा, त्याला माझी हरकत नाही. कायद्याने त्याची मोफत वैद्यकीय तपासणी करून घेण्याचा अधिकार तुम्हालाही दिला आहे. द्यायचं की नाही हा वाद मात्र सोडा.

त्याच निकालाने आणखी एक गोष्ट ठरवली : भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, आयुक्तांनी आदेश दिल्याच्या दिवशी नाही. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज. ५,६१,५४६ वर ते महिन्याला सुमारे ५,६०० रुपये होतं. शिवाय उशिराला सबळ कारण नसेल तर आयुक्त ५० टक्क्यांपर्यंत दंड लावू शकतात, म्हणजे याच रकमेवर २,८०,७७३ पर्यंत. दंडाआधी तुमचं म्हणणं ऐकून घेतात. तेव्हा "स्टॅम्प पेपर होता म्हणून थांबलो" हे कारण किती पटेल, याचा विचार करा.

म्हणून कलम ४ अ (२) चा आधार घ्या. कामगार मागतो तेवढं मान्य नसेल, तर तुम्हाला जेवढं मान्य आहे तेवढं तात्पुरतं आधी द्यायचं किंवा आयुक्तांकडे जमा करायचं, असं ते सांगतं. ही सवलत नाही, बंधन आहे. अनुसूचीप्रमाणे होणारी ५,६१,५४६ ही रक्कम आयुक्तांकडे जमा करा, आजवरचं व्याजही त्यात घाला. ६०,००० मधलं किती वजा करायचं ते स्वतः ठरवू नका, पावती जोडून आयुक्तांना ठरवू द्या. एवढे पैसे एकदम हातात नसतील तर जमतील तेवढे लगेच भरा आणि उरलेले कधी भरणार ते लेखी द्या. जेवढं भराल तेवढ्यावरचं व्याज थांबतं, आणि दंडाच्या वेळी तुमची नियत दिसते. कर्ज काढावं लागलं तरी काढा, असंच मी म्हणेन. आदेश झाल्यावर न भरलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, आणि उच्च न्यायालयात अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरल्याचा दाखला जोडावा लागतो. त्यामुळे वेळकाढूपणाला वाव नाही. आयुक्तांचं काम कुठे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात, कुठे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. तुमच्या जिल्ह्यात कोण, ते वकिलांना विचारा. कामगार त्याच्या राहत्या गावच्या आयुक्तांकडेही दावा लावू शकतो, हेही लक्षात असू द्या. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे तुम्ही गप्प बसलात तरी त्याच्याकडे अजून भरपूर वेळ आहे.

विम्याबद्दल एजंटच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवू नका. पॉलिसीचा कागद स्वतः वाचा. ठेकेदाराच्या कामगारांचा समावेश आहे का, किती माणसांचा आणि किती पगाराचा अंदाज तुम्ही कळवला होता, हे त्यात असतं. अपघाताची आणि नोटिशीची माहिती कंपनीला लेखी द्या, पोच घ्या, नकार असेल तर तोही लेखी मागा. कंपनीने जबाबदारी घेतली तरी व्याजाचं काय ते पॉलिसीच्या अटींवर ठरतं, आणि उशिराचा दंड तर तुमच्याच खिशातून जातो.

दुचाकीवरून पडलेल्या कामगाराचं काय? इथे कायदा अलीकडेच स्पष्ट झाला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. घर ते काम आणि काम ते घर या प्रवासातला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध असेल तर, कामावरचाच अपघात मानायचा. त्या कुटुंबाला हे ऐकायला बावीस वर्षं थांबावं लागलं. ईएसआयच्या कायद्यात ही तरतूद २०१० पासून होती. आता सामाजिक सुरक्षा संहितेत ती सगळ्यांसाठीच लिहिलेली आहे.

तेव्हा तुमचा कामगार नेहमीच्या रस्त्याने, पाळीच्या वेळेला धरून येत होता का, ते पाहा. तसं असेल तर जबाबदारी तुमची. मधेच स्वतःच्या दुसऱ्या कामाला वळला होता आणि तिकडे पडला, तर संबंध तुटतो. पाय बरा होणारा असेल तर ते तात्पुरतं अपंगत्व. त्यासाठी दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, म्हणजे १५,००० धरले तर पंधरवड्याला ३,७५०, आणि उपचाराचा खर्च. ही फार मोठी रक्कम नाही, आणि घरी बसलेल्या माणसाची चूल तिच्यावर चालायची आहे. ती थांबवू नका. दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही जाऊ शकतो, मात्र दोन्हींपैकी एकच वाट निवडावी लागते. हे त्यालाही सांगा.

पुढच्यासाठी एक ठोस गोष्ट. नव्या संहितेत दहापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यालाही, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर, स्वेच्छेने ईएसआयमध्ये येता येतं. जुलै २०१९ पासूनच्या दराने मालकाची वर्गणी ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५. १६,००० पगारावर तुमचे ५२० रुपये आणि त्याचे १२०. सात माणसांचे तुमचे महिन्याला ३,६४०. हा आकडा वर काढलेल्या भरपाईशेजारी ठेवून पाहा. आणि प्रेसला दोन हातांनी एकदम दाबायची बटणं बसवून घ्या, पायाचं पेडल काढून टाका. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम (पत्र्यावर दाब देणारा भाग) खाली येणारच नाही, अशी रचना असली की गार्ड काढण्याचा मोह उरत नाही. माल थोडा कमी निघेल. तेवढा कमी निघू द्या, भाव लावताना तो खर्च धरा. गिऱ्हाईक कुरकुर करेल, तरी हे पैसे वाचवू नका.

तुमच्या मनाला लागलेली गोष्ट उरली. घरच्यासारखं वागवलं, त्याचं हे फळ का, असं तुम्ही विचारता. मला वाटतं त्या नोटिशीत तुमच्याबद्दलचा राग शोधू नका. तो तीस वर्षांचा आहे, पुढची तीस वर्षं त्याला उरलेल्या दोन बोटांनी कमवायचं आहे. ६०,००० म्हणजे त्याचा चार महिन्यांचाही पगार नाही. कुणीतरी त्याला कायदा समजावून सांगितला, आणि बरं झालं सांगितला. खरं तर नोकरीवर ठेवतानाच भरपाईच्या हक्कांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत लेखी देणं हे मालकाचं काम होतं. जुन्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने ते बंधनकारक केलं होतं, न दिल्यास किमान ५०,००० दंड होता. बाकीच्या सगळ्या कामगारांना ते पत्र या आठवड्यात द्या.

भेटायला जा. वकील नको म्हणतात ते का, हे मला कळतं. तुम्ही तिथे काही कबूल कराल किंवा पुन्हा सही घ्याल, अशी त्यांना भीती आहे. म्हणून दोन्ही बाजूंच्या वकिलांना आधी कळवा. रोख रक्कम नेऊ नका, कागद नेऊ नका, नोटीस मागे घे असं म्हणू नका. रक्कम आयुक्तांकडे भरल्यानंतर जाणं जास्त बरं, म्हणजे सांगायला काही हातात असेल. बरा झाल्यावर तपासणी, पॅकिंग, स्टोअर असं एखादं काम देता येणार असेल तर तेही सांगा. पण ते भरपाईच्या बदल्यात आहे असा अर्थ त्यातून निघू देऊ नका, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. त्याचा वकील नसता तर मी हेही सांगायला लावलं असतं की औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. तुमच्या दुचाकीवाल्या कामगाराला ते नक्की सांगा. आणि या पोराला विचारा की हाताची पुढची तपासणी कधी आहे, व्यायामाला कुठे जातो. तो खर्चही तुमच्याकडेच येणार आहे, तेव्हा पावत्या जपून ठेव, असं तुम्हीच त्याला सांगा.